मुंगूस खुंटीलाच

"मामा, पहिल्या तीन सेकंदांत काय बोलू तेवढं सांगा. पुढचं मी बघतो."

भाचा बांधावर उभा. मोबाइल बाभळीच्या फांदीला सुतळीने बांधलेला. मागे ताडपत्रीने झाकलेली सोयाबीनची गंज, आणि गंजीला टेकवून ठेवलेला विळा. तो विळा 'गावरान फील' यावा म्हणून मुद्दाम घरून आणलेला. आमच्या चाकूर-अहमदपूर पट्ट्यात काढणी आटोपत आली होती आणि मळणीची घाई सुरू होती. लातूरच्या दोन पोरांनी मळणी यंत्र मोबाइलवरून ठरवायचं एक ॲप काढलं होतं. कोणाचं यंत्र कुठल्या शिवारात आहे, कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, काय घेतो, उद्या मोकळं आहे का, बस एवढंच. ॲप चांगलं होतं, हे मी आजही म्हणतो. पोरांकडे जाहिरातीला पैसे नव्हते, भाच्याकडे फॉलोअर होते आणि माझ्याबद्दल 'मास्तर चार ओळी बऱ्या लिहितात' असा गावाचा जुना गैरसमज होता. मी वाक्य दिलं: "मळणीवाल्यानं यंदा कट्ट्यामागं तुम्हाला किती लुटलं?"

रील सुटली. भाचा दर तासाला आकडा दाखवायला यायचा. खाली कमेंटची जत्रा भरली. कोणी आपल्याकडचा दर सांगत होतं, कोणी मळणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं, आणि मळणीवाले आमचा. तिसऱ्या दिवशी चूक लक्षात आली. ज्यांनी यंत्राची नोंद केली तरच ॲप चालणार होतं, त्यांनाच आम्ही चव्हाट्यावर चोर ठरवलं होतं. दुसरी गंमत अशी की ॲप चालत होतं दोन तालुक्यांत आणि रील पोचली अख्ख्या महाराष्ट्रात. उसाच्या मुलखातल्या माणसांनी ॲप उतरवून घेतलं, उघडलं, त्यात एकही यंत्र दिसलं नाही, मग एक तारा देऊन "काहीच नाही यात" असं लिहून काढून टाकलं. व्ह्यूज लाखात, इन्स्टॉल हजारात, आणि पंधरा दिवसांनी ॲप उघडणारे हाताच्या बोटांवर. वर तो एक-एक तारा पोरांच्या कपाळी कायमचा बसला.

हा दोष भाच्याचा नाही, माझा. पण त्यानंतर मी या धंद्याकडे जरा डोळे उघडून पाहू लागलो, आणि माझं मत बनलं ते असं: छोट्या व्हिडिओंतून ॲप विकायला हरकत काहीच नाही, मात्र त्याचा मोबदला ज्या मापाने मोजतात ते माप खोटं आहे. ते माप बदललं नाही तोवर आमच्याकडच्या पोरांची बोली आणि त्यांच्या गावाचा भरवसा कवडीमोलाने विकला जात राहील.

हिशेब असा चालतो. कंपनीची माणसं, बहुधा मधल्या एजन्सीमार्फत, पोराला मेसेज करतात: "ब्रो, कोलॅब?" मग कधी व्हिडिओला ठोक रक्कम, कधी नुसता हेडफोन नाहीतर फोनचं कव्हर, त्याला ही मंडळी 'बार्टर' म्हणतात. पण जास्त चालतो तो इन्स्टॉलमागे दर. पोराला एक कोड किंवा लिंक मिळते, त्या वाटेने जितके जण ॲप घेतील तितक्यांचे पैसे. काही ॲपांत मोजणी आणखी एक पाऊल पुढे जाते: पहिल्यांदा पैसे भरले की, पहिलं कर्ज उचललं की. जुगारी ॲपांच्या बाबतीत तर हरणाऱ्याच्या पैशात व्हिडिओवाल्याचा हिस्सा, अशाही कराराची पद्धत जगभर आहे. म्हणजे तुमचा फॉलोअर जितका बुडेल तितकं तुमचं भलं.

गुत्तं, म्हणजे ठेका, आणि रोजंदारी यांतला फरक आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. सोयाबीन गुत्त्याने काढायला दिलं की एकर झपाट्याने उरकतं, पण मागे शेंगा रानात पडून राहतात. रोजाने लावलं तर दिवस जास्त जातात, रान मात्र स्वच्छ होतं. इन्स्टॉलमागे पैसे हे गुत्तं आहे. उरक दिसला की काम झालं, रानात काय राहिलं ते ज्याच्या त्याने बघावं. यात कोणी बदमाशच असावा लागतो असं नाही. चांगला माणूसही गुत्त्यावर शेंगा मागे टाकतो, कारण वाकून वेचायचे पैसे त्याला कोणी देत नाही.

लिंकची कथा आणखी मजेशीर. इन्स्टाग्रामवर रीलखालच्या मजकुरात दिलेली लिंक दाबता येत नाही. यूट्यूबनेही २०२३च्या ऑगस्टअखेरपासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक निकामी केल्या, स्पॅम आणि फसवणूक वाढली म्हणून. उपाय ठीक होता. पण पाणी अडवलं की ते बांधाच्या कडेने वाट काढतं. आता पोरं म्हणतात, "कमेंटमध्ये 'लिंक' लिहा, मेसेजमध्ये पाठवतो." यात दोन कामं एकदम होतात. कमेंट वाढल्या की रील आणखी लोकांना दिसते, आणि लिंक चारचौघांत न राहता खासगी मेसेजमध्ये जाते. तिथे ती प्ले स्टोअरची आहे की कुठल्या टेलिग्राम चॅनेलवरच्या, स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या एपीके फाइलची, हे बघायला तिसरा माणूस नसतो. लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, शेतकरी योजना अशी नावं लावलेल्या एपीके फाइलींनी बँक खाती रिकामी झाल्याचे गुन्हे गेल्या दोन-तीन वर्षांत राज्यभर नोंदले गेले आहेत. गावातल्या माणसाला सांगायची एकच गोष्ट असेल तर मी ही सांगेन: मेसेजमध्ये आलेलं एपीके म्हणजे अनोळख्याला दिलेली घराची चावी.

बाजाराच्या दिवशी आमच्याकडे गारुडी बसायचा. टोपलीत नाग, आणि शेजारी खुंटीला दोरीने बांधलेलं मुंगूस. "आता सोडतो, आता लढाई लागणार, लेकरांनो मागं सरका." सगळी गर्दी श्वास रोखून. मग म्हणायचा, सोडायच्या आधी एक गोष्ट सांगतो. ती गोष्ट विंचवाच्या औषधावर यायची, औषधावरून दंतमंजनावर. मधेच उठणाऱ्याला तो शाप द्यायचा, म्हणून आम्ही पोरं उठायचो नाही. मी कितीतरी बाजार त्याच्यापुढे बसलो, पण मुंगूस सुटलेलं एकदाही पाहिलं नाही. भाचा ज्याला 'हुक' म्हणतो ते मला नवं वाटलं नाही ते यामुळेच. "शेवटपर्यंत बघा, शेवटी सांगतो", "स्क्रोल केलंत तर पस्तावाल" हे त्याच गारुड्याचे शब्द, फक्त डमरू नाही.

तरी एक फरक आहे आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. गारुडी परमुलखातला होता. त्याचं दंतमंजन बाद निघालं तर तो पुढच्या बाजारी दुसऱ्या गावाला. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो हे घरून शिकवलेलं असायचं. रीलवरचं पोरगं मात्र अमक्याचा धाकटा असतो. तो बोलतो ती आमची बोली. त्याच्या मागे दिसतो तो आमचाच पार.

या बोलीचं मोल पुण्या-मुंबईच्या वाचकाला चटकन कळणार नाही. आम्ही लहानपणापासून टीव्हीवर जी मराठी ऐकली ती आमची नव्हती. "करायलाव, जायलाव" ही आमची क्रियापदं पडद्यावर आली तर घरगड्याच्या नाहीतर गावाकडून आलेल्या बावळट पाहुण्याच्या तोंडी, लोकांनी हसावं म्हणून. पुण्यात शिकायला गेलेली आमची पोरं पहिलं वर्ष तोंड मिटून काढायची. मग २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि टिकटॉकवर नांदेड-परभणीची पोरं-पोरी कुणाची भीडभाड न ठेवता आपल्या बोलीत बोलू लागली. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, आणि त्याच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या. पोरांनी गाडी बदलली, सामान तेच. आज बेंगळुरू किंवा गुरुग्रामच्या कंपनीला मराठवाड्यातल्या माणसापर्यंत पोचायचं असेल तर तिच्याकडे दुसरी वाट नाही. तिची संहिता येते ती हिंदीवरून ओढूनताणून केलेल्या मराठीत: "तर मित्रांनो, हे ॲप खूपच भारी आहे." पोरगं ती फेकून देतं आणि म्हणतं, "अय, इकडं बघ बे." त्या 'बे'साठी कंपनी पैसे देते. शब्द फुकट, भरवसा विकत. दोन पिढ्यांनी खाली मान घालून सोसलेली गोष्ट आता कुठे ताठ झाली होती, आणि तिला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते रमीचं.

रमीचं मी वेगळं सांगायला नको. मोठमोठे खेळाडू आणि नट जाहिराती करत होते, तेव्हा गावातल्या पोराने केली तर त्यालाच सुळावर का चढवा, हा प्रश्न रास्त होता. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं तर गुन्हा झालंच, पण त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. माझ्या फोनवरचे रमीचे व्हिडिओ त्यानंतर बरेच कमी झाले. मात्र काल रमी सांगणारा आज 'ट्रेडिंग शिकवतो' म्हणतो आणि टेलिग्रामवर बोलावतो. माणूस तोच आणि 'बे'ही तोच.

कर्जाच्या ॲपांचं प्रकरण मी जवळून पाहिलं. आमच्या ओळखीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. लेकीच्या बाळंतपणाला पाच हजार कमी पडत होते. रीलमध्ये शेजारच्या गावचं पोरगं सांगत होतं, "आधार टाका, पाच मिनिटांत पैसे, ना सही ना साक्षीदार." ताईंनी ॲप घेतलं, विचारेल त्या परवानग्या दिल्या, हातात आले ते पाच हजारांपेक्षा बरेच कमी, आणि सातव्या दिवशी फोन सुरू झाले. ताईंना नव्हे, त्यांच्या फोनमधल्या नंबरांना. लेकीच्या सासऱ्यांना फोन गेला. एका बाईची गावातली पत पाच हजारांपायी चावडीवर आली.

मी त्या पोराला गाठलं. बरं पोरगं आहे, बीएस्सी झालेलं, पोलीस भरतीसाठी पळतं. म्हणालं, "काका, मी कुठं कर्ज दिलं? मी फक्त व्हिडिओ केला." मी विचारलं, तू स्वतः ते ॲप वापरून पाहिलं होतंस का? त्याने फोन पुढे केला. "जागाच नाही काका. सगळी रीलनी भरली." जे ॲप त्याच्या फोनमध्ये कधी उतरलंच नव्हतं, ते त्याने तालुक्याच्या गळ्यात उतरवलं होतं. त्याने माझ्यादेखत व्हिडिओ काढून टाकला. ताईंच्या लेकीच्या सासरी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

असा धोका कोणाला ठाऊक नव्हता असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१च्या नोव्हेंबरातच सांगितलं होतं की भारतात मिळणाऱ्या सुमारे १,१०० कर्ज-ॲपांपैकी ६०० बेकायदा आहेत. पुढे बँकेने डिजिटल कर्जाचे नियम केले, आणि मे २०२३पासून गूगलनेही कर्ज देणाऱ्या ॲपांना ग्राहकाच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायला प्ले स्टोअरवर मनाई केली. पण हे सगळे दरवाजे प्ले स्टोअरच्या वाड्याला आहेत. मेसेजमधून आलेली एपीके परसातून आत शिरते.

"बघणाऱ्याला अक्कल नको का?" असं मला हमखास विचारतात. हवी की. पण अक्कल माणूस आजूबाजूच्यांकडून उसनी घेतो, सगळे तसंच जगतो. कुठलं बियाणं घ्यावं, कुठल्या डॉक्टरकडे जावं हे आपण चौकशी करून ठरवतो ते ओळखीच्याच माणसाकडे. ओळखीचा माणूसच विकला गेला असेल तर चौकशी करायची कोणाकडे?

दुसरा आक्षेप मात्र माझ्या गळ्याशी येतो. पोरांना काम कुठे आहे? आमच्या भागातली निम्मी तरुण मंडळी चाकण-रांजणगावला, बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला, उरलेली भरतीच्या मैदानावर. अशात कोणाला गावात बसून महिन्याला चार पैसे मिळत असतील तर मी पेन्शन खाणारा मास्तर त्याला नीतिपाठ देणार कोण? खरं आहे. म्हणूनच मी म्हणत नाही की जाहिराती करू नका. मी म्हणतो, घासाघीस करा. तुम्ही जे विकताय ते तीस सेकंद नाहीत, गावातली उठबस आहे. तिचा दर इन्स्टॉलमागे पाच-दहा रुपये असूच शकत नाही. गुत्तं नाकारा. महिन्याभरानंतर किती जण ॲप वापरतायत त्यावर पैसे मागा, म्हणजे वाईट ॲप तुम्ही आपोआप हाती घेणार नाही, कारण त्यात तुमचंच नुकसान. चांगल्या ॲपवाल्यालाही हे परवडतं. आमच्या लातूरच्या पोरांना हजारो इन्स्टॉल नको होते, दोन तालुक्यांतली मोजकी यंत्रं आणि ती शोधणारी माणसं हवी होती.

कायद्याचं म्हणाल तर तो बराच पुढे आहे, आपणच मागे आहोत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीत भलामण करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत, आणि वर वर्षभर कुठलीही जाहिरात करायला मनाई. नीट खातरजमा केली होती असं दाखवता आलं तर सुटका. २०२३च्या जानेवारीत केंद्राने या मंडळींसाठी वेगळ्या सूचना काढल्या: पैसे किंवा वस्तू मिळाली असेल तर तसं सांगा, सोप्या भाषेत सांगा, आणि व्हिडिओ असेल तर ते पडद्यावर दिसलंही पाहिजे आणि कानावरही पडलं पाहिजे. जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या परिषदेने, 'ॲस्की'ने तर २०२१मध्येच सेकंद मोजून दिले होते. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान तीन सेकंद, त्याहून मोठ्या, दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ जाहिरातीची पाटी दिसली पाहिजे.

प्रत्यक्षात पाटी असते इंग्रजीत, कोपऱ्यात, पांढऱ्या भिंतीवर पांढरी. कानावर तर मी आजवर एकदाही ऐकली नव्हती. म्हणून भाच्याला म्हटलं, पुढच्या जाहिरातीत बोलून टाक. एका ट्रॅक्टर-भागांच्या दुकानाच्या ॲपचं काम होतं. तो बोलला, "हे बघा, याचे मला तीन हजार मिळालेत, म्हणून सांगायलाव." एजन्सीवाला फोनवर तडतडला. खाली पहिलीच कमेंट आली, "तीनच? येडा झाला का बे, पाच मागायचे." मग दुसऱ्याने विचारलं, तू स्वतः काही मागवलंस का? भाचा म्हणाला, एक क्लचप्लेट, चार दिवस उशिरा आली. जाहिरातीखाली एवढी सरळ बोलणी मी पहिल्यांदा पाहिली. त्याला पुढचं काम त्या एजन्सीने दिलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आता सरकारकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. आपण जिथे उभे आहोत तिथून वीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत विजा पडत असतील तर ते इशारा देतं. मराठवाड्यात एप्रिल ते जून हे वळवाचे दिवस विजेचे दिवस असतात. दरवर्षी माणसं दगावतात, जनावरं दगावतात, आणि बहुतेकदा बातमीत एकच ओळ असते: पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबले होते. दरवर्षी जिल्हा प्रशासन पत्रक काढतं, 'नागरिकांनी दामिनी ॲप डाऊनलोड करावे.' पत्रक कचेरीच्या भाषेत, वर्तमानपत्राच्या चौथ्या पानावर. रमीवाल्याला आमची बोली परवडते आणि आपत्ती व्यवस्थापनाला परवडत नाही?

सरकारी व्हिडिओ बघितले आहेत का तुम्ही? पहिले दहा सेकंद फोटो: वर दोन, खाली तीन, मधे बोधचिन्ह. हुकाला मी कितीही नावं ठेवली तरी एवढं कळतं की माणूस दहा सेकंद फोटो बघायला थांबत नाही. ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१पासून हे ॲप राज्यभर सुरू झालं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, रानात उभं राहून, फोटो काढून करायची. नोंद नसेल तर हमीभावाने माल घालताना अडतं, आणि सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ला ५,३२८ रुपये क्विंटल होता, तेव्हा ते अडणं कोणालाच परवडत नाही. हे ॲप आमच्या शिवारात कोणी शिकवलं? गावातल्या पोरांच्या व्हिडिओंनी. गट क्रमांक कुठे टाकायचा, फोटो कुठे उभं राहून काढायचा, सर्व्हर बसला तर रात्री कधी करून बघायचं. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' ॲपवर भरायचे होते तेव्हाही तेच. अंगणवाडी ताई आणि रीलवाली पोरं-पोरी, या दोघांनी ते काम ओढलं. अंगणवाडी ताईला अर्जामागे काही मिळायचं होतं. पोरांना 'जनजागृती'चं पुण्य.

ते पुण्य पुरे झालं. जिल्हा प्रशासनाने तालुक्यातल्या चार-दोन पोरा-पोरींना रीतसर मानधन देऊन मे महिन्यात दामिनीचे व्हिडिओ करून घ्यावेत, गावोगावच्या बोलीत. उदगीरकडची बोली वेगळी, हिंगोलीकडची वेगळी, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनीतही करावेत. फोटो एकही नको. आणि मोजायचं ते व्ह्यूज नाहीत. तालुक्यात किती फोनांवर जूनमध्ये इशारे चालू आहेत ते मोजा. हे अवघड आहे म्हणतील. इन्स्टॉलमागचा पैसा न् पैसा मोजणारं यंत्र खासगी कंपनीकडे आहेच की, ते सरकारला विकत घेता येत नाही असं थोडंच आहे.

मळणीच्या ॲपचं काय झालं ते राहिलं. पोरं हार मानायच्या बेतात होती. मी म्हटलं, ज्यांना चोर म्हटलं त्यांच्याकडे जाऊ. एक नाना आहेत, साठीच्या पुढचे, स्वतःचं यंत्र, आम्हाला कमेंटमधून नाही पण फोन करून प्रत्यक्ष शिव्या देणारे. त्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर गेलो, चहा झाला, पुन्हा थोड्या शिव्या झाल्या. मग भाचा म्हणाला, नाना, तुम्हीच नोंद करून बघा, मी नुसता व्हिडिओ घेतो. ना संहिता, ना हुक.

नानांचा फोन कोपऱ्यातून तडकलेला. हाताला ग्रीस, पडदा बोटाला दाद देईना. त्यांनी बोट धोतराला पुसलं, पुन्हा दाबलं. नाव लिहायची जागा आली. "हे विंग्रजीतच लिवायचं का रे?" लातूरची पोरं एकमेकांकडे बघायला लागली, मराठीत नाव लिहायची सोय ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. ती त्यांनी त्याच रात्री केली. मग ओटीपी. ओटीपी येईना, कारण आखाड्यावर रेंज नाही. नाना फोन उंच धरत यंत्राच्या चाकावर चढले, तिथून वरच्या सुपावर, आणि तिथे उभं राहून ओरडले, "आला! चार... सात... थांब, गेला." दुसऱ्यांदा आला तेव्हा नोंद झाली. सगळं मिळून साडेचार मिनिटं, त्यातली दोन मिनिटं आठ सेकंद भाच्याने ठेवली.

त्या व्हिडिओला फारसं कोणी पाहिलं नाही. पण मळणीवाल्यांचे व्हॉट्सॲप गट असतात हे आम्हाला कुठे माहीत होतं. नानांनी तो स्वतःच तिथे टाकला, बहुधा स्वतः सुपावर उभे दिसतात म्हणून. पुढच्या हंगामात सोयाबीन काढणीला येईतो दोन्ही तालुक्यांतली बरीच यंत्रं ॲपवर होती.

नोंद झाल्याझाल्या, कॅमेरा चालू असतानाच, त्यांचा फोन वाजला होता. पलीकडच्या शिवारातून कोणीतरी विचारत होतं, यंत्र मोकळं आहे का. नाना कॅमेरा विसरले. "हाय मोकळं, पर रानात चिखल हाय, कट्ट्याला धा रुपये वर लागतील बघ." ॲपवर त्यांनी नुकताच भरलेला दर दहा रुपयांनी कमी होता.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. "मामा, हे कापू का?"

"राहू दे," मी म्हटलं.